पंच्याची गाठ

मास्तरांना चहा पाजावा लागे. शिकवायला उभे राहिले की त्यांचे दोन्ही हात पाठीमागे ओल्या पंच्याने बांधलेले असत, आणि चहाची वेळ झाली की कोणीतरी बशी त्यांच्या ओठांशी धरावी लागे. फुंकर ते स्वतः घालीत. मिशीला लागलेला चहा दुसऱ्याने पुसायचा. नाकावर माशी बसली तर डोळे तिरळे करून ते तिच्याकडे पाहत आणि समोरच्यावर डाफरत, "आरं, बघत काय बसलायस? हाण की तिला!" मग कोणीतरी मातीच्या हाताने माशी हाकली की मास्तरांच्या नाकावर पोयट्याचा ठिपका उमटे, आणि तो घरी जाईपर्यंत तिथेच राही.

सांगलीत हळदीच्या एका गोदामात त्यांचा हा वर्ग दर रविवारी दुपारी भरत असे. हळदीचा हंगाम संपून गोदाम रिकामे झाले की वर्ग सुरू होई आणि नवी पोती आली की बंद पडे. पोती गेली तरी हळद जात नसे. ती भिंतींत, फरशीच्या सांध्यांत, छपराच्या वाशांवर बसलेली असे. तिथून बाहेर पडणाऱ्या माणसाचे तळवे पिवळे झालेले असत. पेठेतून चालताना लोक विचारीत, "काय पावणं, कुणाचं लगीन?" मास्तर सांगत, "मातीचं. आमी वऱ्हाडी."

मास्तर पोटासाठी दुकानांच्या पाट्या रंगवीत आणि भाद्रपदापूर्वी गणपती करीत. तरुणपणी ते नाटक कंपन्यांचे पडदे रंगवीत असत. बोलपट आले, कंपन्या बसल्या, आणि मजुरीऐवजी मिळालेला एक जंगलाचा पडदा तेवढा त्यांच्याकडे राहिला. तो त्यांनी गोदामात आडवा टांगला होता. त्याच्या अलीकडे पुरुष बसत, पलीकडे बायका. पलीकडे जायचे झाले की मास्तर पडद्यावरच्या वाघासमोर थांबून मोठ्याने खाकरत आणि म्हणत, "आत येऊ का? वाघ न्हाई म्हणत न्हाई."

पंचविशीच्या आतल्या कोणालाही ते घेत नसत. "पोरास्नी शाळा हाय. थोरास्नी कोन हाय?" हे त्यांचे ठरलेले उत्तर. येणाऱ्याने आपल्या गावची ओंजळभर माती आणायची, एवढाच प्रवेशाचा नियम. आष्ट्याची काळी, कवठे महांकाळची मुरमाड तांबूस, नदीकाठचा पोयटा, सगळी एका दगडी डोणीत भिजत पडे. पहिले तीन रविवार कोणालाही काही घडवू दिले जात नसे. माती नुसती पायांनी तुडवायची. एकमेकांच्या हातचे पाणी न पिणारी माणसे तिथे एका डोणीत उभी राहून तुडवीत असत. त्यावर एकदा कोणी कुरकुरले, तेव्हा मास्तरांनी त्याला मातीचा गोळा दाखवला आणि विचारले, "ह्यातला तुझा पाय कुठला, तेवढा शोधून दे. मग बाजूला काढू." तो गृहस्थ पुढच्या रविवारीही आला.

मी त्या वेळी सत्तावीस वर्षांचा होतो. मूळचा साताऱ्याचा, सांगलीच्या एका शाळेत चित्रकला शिकवीत असे. चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा मी वरच्या श्रेणीत उत्तीर्ण झालो होतो आणि ही गोष्ट समोरच्याला पहिल्या पाच मिनिटांत कळेल अशी व्यवस्था मी करीत असे. मास्तरांनी मला मदतनीस म्हणून ठेवून घेतले, पण नाव दिले परीक्षापास. "ह्यो आमचा परीक्षापास. रेघ मारली तर पाण्याची पातळी तपासून घ्या!" लोक हसत. मीही हसे, आत मात्र मला वाटे, की या माणसाला शरीररचनेतले काही कळत नाही, केवळ वयामुळे लोक याला मानतात. आज हे लिहिताना लाज वाटते. परंतु जे वाटत होते ते वाटत होते.

हात बांधण्याचे कारण मी त्यांना पहिल्याच महिन्यात विचारले. वर्ग सुटला होता. निवृत्त होऊन आलेले एक हवालदार दर रविवारी मास्तरांची गाठ मारीत आणि सोडवीत. फौजेतली गाठ, ओढली की घट्टच होई. ते गाठ सोडवीत होते आणि मास्तर भिंतीकडे तोंड करून उभे होते. तसेच, मागे न वळता ते बोलले.

"लगीन झालं त्या साली दिवाळीला बायकोनं दारात रांगोळी घातली. मोर काढला हुता. मान लय आखूड. मी चाललो हुतो बाहीर. जाता जाता वाकलो आन् मान नीट केली. एवढंच. परत तिनं कवा रांगोळी घातली न्हाई. भांडली न्हाई, रडली न्हाई. नुसती घातली न्हाई. वीस सालं संसार केला. ती गेली तवासुदा दार कोरंच हुतं."

हवालदारांनी पंचा पिळून त्यांच्या खांद्यावर टाकला.

"दुसऱ्याचं वाकडं दिसलं की हाताला खाज सुटती, परीक्षापास. तुला सुटती का न्हाई?"

मी म्हणालो, "शिक्षकाने चूक दाखवू नये तर काय करावे?"

"दाखव की. तोंड हाय. हात कशाला?"

तोंड मात्र ते सढळ वापरीत. "बैल हाय का बाजलं?" "नाक लावलंस, आता त्याला श्वास घिऊ दे." गोदामाचे मालक हळदीचे जैन अडते होते, स्वतःच्याच गोदामात ते शिकाऊ म्हणून बसत. त्यांना काही केल्या जमत नव्हते. मडके करायला घेतले तर त्याचा लाडू होई. एका रविवारी मास्तर त्यांच्यासमोर बसले. "शेठ, बाजारात हळदीचा भाव कसा करता?"

"रुमालाखाली. बोटं धरून."

"बघता का तवा?"

"बघून काय कळतंय? बोटांना कळतं."

"मग हितं का डोळं फाडून बसलाय? टाका रुमाल."

अडत्यांनी खांद्यावरचा रुमाल मातीवर टाकला आणि दोन्ही हात खाली घातले. अर्ध्या तासाने रुमाल उचलला तेव्हा खाली एक वासराचे तोंड होते. ओबडधोबड होते, पण नाकपुड्या ओल्या वाटत होत्या. अडते आपल्या बोटांकडे परक्या माणसाकडे पाहावे तसे पाहत राहिले. मास्तरांना इतका आनंद झाला की टाळी वाजवायला त्यांनी मागे हात ओढले आणि पंचा फाटता फाटता राहिला.

याच युक्तीने त्यांनी आक्कांना बसवले.

आक्का आष्ट्याच्या. विधवा, पन्नाशीच्या आसपासच्या. सांगलीत हळद निवडण्याच्या कामाला येत. गोदाम झाडायला म्हणून एका रविवारी आल्या आणि पडद्याआडून बघत उभ्या राहिल्या. मास्तर म्हणाले, "केरसुणी ठिवा, आक्का. बसा." आक्कांनी डोळे मिटून माती हातात घेतली आणि त्या दिवसापासून त्या एकच गोष्ट करीत राहिल्या: आपल्या मुलाचा चेहरा.

मुलगा लढाईत गेला होता. समुद्रापलीकडे कुठेतरी, गावाचे नाव आक्कांना नीट घेता येत नसे. फोटो काढून धाडतो, असे त्याने शेवटच्या पत्रात लिहिले होते. फोटो आला नाही, तार आली. घरात त्याची एकही छबी नव्हती. जे काही होते ते आक्कांच्या बोटांत होते.

मास्तरांचा आणखी एक कायदा होता. काम पुरे झाले की करणाऱ्याने ते अमावास्येला स्वतःच्या हाताने मोडायचे आणि डोणीत भिजत घालायचे. भाजायचे नाही, घरी न्यायचे नाही. "गणपती बुडवतो, मग तुझा बैल काय लय मोठा लागून गेला?" आक्का मात्र चार महिने एकच चेहरा करीत होत्या, आणि अमावास्या आली की म्हणत, "अजून झाला न्हाई, मास्तर." मास्तर मान हलवीत. "घाई न्हाई. वलं फडकं टाकून ठिवा." झाला म्हटले की मोडावा लागेल, म्हणून तो होत नव्हता. हे गोदामातल्या सर्वांना कळत होते. मला ते फार उशिरा कळले.

मार्गशीर्षात, हळद यायच्या आधी, प्रदर्शन भरवावे ही कल्पना माझी. संस्थानातले एक मोठे अधिकारी येणार होते. त्यांना बोलावण्याची खटपट मीच केली होती. मास्तर नाखूष होते. "येऊ देत. पर कुणी हसलं तर मी वाघाम्होरं उभा करीन."

आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, किल्ली घेऊन मी एकटाच मांडामांड करायला गेलो. फळ्या लावल्या, त्यांवर कामे ठेवली. आक्कांच्या चेहऱ्यावरचे ओले फडके उचलले आणि मी थांबलो. जबडा एका बाजूला झुकलेला. ओठ तिरके. उजव्या कानाची वरची कड फाटून दुमडल्यासारखी, जणू मातीत खडा आला होता आणि तो तसाच ठेवला होता. मला वाटले, उद्या लोक हसतील. बिचाऱ्या बाईला हसतील.

हे वाक्य मी गेली अठ्ठावीस वर्षे तपासून पाहतो आहे. आक्कांची कीव मला खरोखरच आली होती, हे खोटे नाही. पण त्या कीवेच्या मागे दुसरे काही उभे होते. त्या अधिकाऱ्यांच्या डोळ्यांना त्या फळ्यांवर निदान एक तरी नीट काम दिसावे, आणि ते मला ठाऊक असलेल्या नियमांनी नीट झालेले असावे, असे मला वाटत होते. मी बाह्या सरसावल्या. कोरणी घेतली, दोऱ्याने मापे घेतली. जबडा मध्यावर आणला. ओठ सरळ केले. कान डाव्या कानाशी जुळवला. तासाभराने तो चेहरा निर्दोष झाला. मी फडके टाकले आणि घरी जाऊन शांत झोपलो.

रविवारी गोदाम भरले होते. अधिकारी आले, चपला काढून आत आले, त्यांच्या पांढऱ्या मोज्यांचे तळ पिवळे झाले. एकेकाने आपापल्या कामावरचे फडके काढायचे असे ठरले होते. आक्कांनी काढले.

त्या बराच वेळ पाहत राहिल्या. मग वळून मास्तरांना म्हणाल्या, "ह्यो कोन?"

त्यांनी शेजारच्या फळ्या पाहिल्या.

"आवं मास्तर, ह्यो कुणाचा हितं ठिवला? माझा कुठं हाय?"

त्याच वेळी अधिकारी पुढे वाकले आणि समाधानाने म्हणाले, "वा! हे काम उत्तम आहे. हे कोणी केले?"

आक्कांनी डोळे मिटून हात पुढे केला. बोटे जबड्यावरून फिरली, ओठांवरून फिरली, आणि उजव्या कानापाशी येऊन थांबली. तिथे गुळगुळीत कड होती. त्यांनी बोट भाजल्यासारखे मागे घेतले.

मास्तर माझ्यापासून चार हातांवर उभे होते, हात बांधलेले. त्यांनी कानाकडे पाहिले. मग माझ्या हातांकडे पाहिले. नखांत माती होती. ती तर सर्वांच्याच नखांत होती. मला तोंड उघडायचे होते. अगदी तीन शब्दांचे काम होते. आणि तेवढ्यात मास्तर बोलले.

"माझा हात लागला, आक्का. काल मांडताना पंचा न्हवता बांधलेला. खाज सुटली. माझं चुकलं."

हवालदार चकित होऊन म्हणाले, "मास्तर, तुमचा? तुमचा हात?"

"माझाच. म्हातारा झालो गड्या."

मी गप्प राहिलो. नोकरी जाण्याचे भय नव्हते. या गोष्टीसाठी कोणी नोकरीवरून काढले नसते. भय फक्त इतकेच होते, की सर्वांनी माझ्याकडे पाहिले असते. त्या काही क्षणांचे पाहणे टाळण्यासाठी मी त्या माणसाने उभ्या जन्मात मिळवलेली एकमेव गोष्ट त्याला देऊन टाकू दिली. पुढच्या रविवारी निम्मीच माणसे आली. "मास्तरचाच हात सुटला, तर मग काय ऱ्हायलं?" असे पेठेत लोक बोलू लागले. हवालदार आले, पण दाराशीच बसून राहिले. गाठ मारायला ते उठले नाहीत.

मास्तरांनी खांद्यावरचा पंचा काढला, डोणीत बुडवून पिळला आणि माझ्यासमोर धरला. पाठ फिरवली.

"बांध."

मी बांधला.

"घट्ट बांध, परीक्षापास. सुटला न्हाई पाहिजे."

त्या दिवसापासून वर्ग चालला तोवर गाठ मारण्याचे काम माझे झाले. त्या प्रकरणाबद्दल ते मला एक शब्दही बोलले नाहीत. ना माझ्यापाशी, ना दुसऱ्या कोणापाशी. दर रविवारी पंचा माझ्या हातात येई आणि दर रविवारी मी ती गाठ मारी. ती शिक्षा होती की क्षमा, हे मी त्यांना कधी विचारले नाही. आता वाटते, त्यांच्या लेखी ती दोन वेगळी कामे नसावीत.

आक्कांनी पुन्हा माती घेतली. अडत्यांनी हळदीची पोती दुसरीकडे उतरवून घेतली आणि वर्ग आणखी दीड महिना चालू ठेवला; का, ते कोणी बोलले नाही. आक्का डोळे मिटून बसत, थोडे घडवीत, मोडीत. एकदा त्या पडद्यापलीकडून म्हणाल्या, "न्हाई येत, मास्तर. डोळं मिटलं की त्यो नीट केलेलाच दिसतूया."

मी पडद्याच्या अलीकडे बसलो होतो. माझ्यासमोर रंगवलेला वाघ होता. ते वाक्य मी त्याच्या तोंडाकडे बघत ऐकले.

"मग चेहरा सोडा," मास्तर म्हणाले. "कुठलं बोट इसरलं न्हाई, ते बघा."

शेवटी एक कान आला. फक्त कान, उजवा. त्या दिवशी मला त्याची हकिगत कळली, कारण आक्का ती करता करता सांगत होत्या. आधीची दोन मुले जगली नव्हती, म्हणून याच्या कानाच्या वरच्या कडेला नवसाची बाळी घातली होती. सात वर्षांचा असताना बाभळीच्या फांदीत बाळी अडकली आणि कानाची कड फाटली. आक्कांनी हळद भरून, चिंधी बांधून ती जुळवली. जुळली ती वाकडीच. पुढे रोज न्हाऊ घालताना त्यांचे बोट त्या वळीवरून जाई. मास्तरांना हे त्यांनी फार पूर्वी सांगितले होते. मला कधी सांगितले नव्हते, कारण मी कधी विचारले नव्हते.

कान पुरा झाला ती अमावास्याच होती. आक्का उठल्या आणि डोणीकडे निघाल्या. मास्तर वाटेत आडवे उभे राहिले. हात बांधलेले होते, म्हणून त्यांनी हनुवटीने मला खूण केली.

"सोड."

मी गाठ सोडली. त्यांनी तो कान ओंजळीत घेतला आणि उन्हात, अनवाणी, कुंभाराच्या भट्टीकडे चालू लागले. स्वतःचा कायदा मोडताना मी त्यांना तेवढे एकदाच पाहिले. परत आले ते चौथ्या दिवशी, भाजलेला कान पंच्यात गुंडाळून.

पुढच्या वर्षी वर्ग भरला नाही. मास्तर पाट्या रंगवीत राहिले, आणि दोन वर्षांनी थोड्याशा तापाचे निमित्त होऊन गेले. मी तोवर बदली घेऊन साताऱ्याला आलो होतो. जाण्यापूर्वी त्यांना भेटायला गेलो, तेव्हा ते शिडीवर उभे राहून कापडाच्या दुकानाची पाटी रंगवीत होते. मी खालून म्हणालो, "मास्तर, मला काही सांगायचे आहे." ते वरूनच म्हणाले, "मला कशाला? मी हुतो की तितं." आणि अक्षर पुरे करू लागले.

त्या वाक्याचा अर्थ लावण्यात मी उमेदीची वर्षे घालवली. शाळेत मी पुढे कोणत्याही मुलाच्या चित्राला हात लावला नाही, आणि हे पुरेसे प्रायश्चित्त आहे अशी स्वतःची समजूत घातली. मागल्या उन्हाळ्यात मात्र आष्ट्याला गेलो. आक्का पुतण्याच्या घरी होत्या. ओसरीवर बसल्या होत्या, वाळून लहान झालेल्या. मी नाव सांगितले. त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिले.

"गुरुजी व्हय? बसा. केस पार पिकलं तुमचं."

मी बसलो आणि सांगितले. माझा आवाज मुळातच लहान. त्या दिवशी तो मलाही नीट ऐकू आला नाही.

"ठाव हाय," आक्का म्हणाल्या. "मास्तरानं कान नीट केला नसता. त्येला ठाव हुतं कान कसा फाटला त्यो. तुमास्नी ठाव न्हवतं."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"त्येनं आपल्या हातानं वझं उचललं. चारचौघांत ते मी कसं उतरवू?"

मी म्हणालो, "आक्का, मला क्षमा करा."

त्या भिंतीला धरून उठल्या, आत गेल्या आणि देवळीतून एक जुना, मऊ पडलेला पंचा घेऊन आल्या. घड्या उलगडल्या आणि त्यातले जे होते ते माझ्या तळहातावर ठेवले. भाजलेली तांबूस माती, हलकी, वरची कड दुमडलेली. बोट फिरून फिरून तिथे झिलई चढली होती.

"चेहरा माझ्या पोराचा हुता," आक्का म्हणाल्या. "त्येला सांगा."

त्या पदर खोचून चुलीकडे वळल्या, आणि उंबऱ्यापाशी थांबून, मागे न बघता म्हणाल्या,

"सावकाश सांगा, गुरुजी. मी चहा टाकते. त्येला घाई न्हाई."

मी तळहात ओठांपाशी नेला आणि त्या शनिवारच्या दुपारपासून सांगायला सुरुवात केली.